भंडाऱ्यात बाबासाहेब हरले, पण पडून उठायची सवय त्यांना लावली होती परळच्या एका खोलीने

मे १९५४. विदर्भातला उन्हाळा म्हणजे काय असतो ते भंडाऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याच दिवसांत भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि राखीव जागेवरचा एक उमेदवार ८,३८१ मतांनी हरला.

उमेदवाराचं नाव होतं डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

वय ६३. मधुमेह होता, संधिवाताने पाय धरलेले, चालताना आधार लागायचा. देशाची राज्यघटना लागू होऊन जेमतेम चार वर्षं झालेली आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष लोकसभेची निवडणूक हरत होते, तेही दुसऱ्यांदा. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना साधारण साडेचौदा हजार मतांनी हरवलं होतं. भंडाऱ्यात काँग्रेसच्याच भाऊराव बोरकरांनी हरवलं.

एवढ्या मोठ्या माणसाचा असा पराभव झाल्यावर पुढे काय होतं? फार काही झालं नाही. बाबासाहेब दिल्लीला गेले आणि कामाला लागले.

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की सोशल मीडियावर एक ठरलेली पोस्ट फिरते. रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणारा मुलगा, आणि खाली मजकूर असा की गरिबीनेच माणूस घडतो, तेव्हा मुलांनो, परिस्थितीचं रडगाणं गाऊ नका. लाईक्स भरपूर मिळतात. पण बाबासाहेबांचं लहानपण नीट वाचलं तर ही पोस्ट अर्धवट आहे हे लक्षात येतं. परिस्थितीने त्यांना दिलं त्यापेक्षा हिसकावून घेतलं जास्त. आणि जे हिसकावलं गेलं ते भरून काढायला घरातली दोन-चार माणसं रात्रंदिवस झटत होती. पोस्टमध्ये ती माणसं कुठेच नसतात.

तर सुरुवातीपासून बघू.

रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. मूळ गाव आंबडवे, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. लष्कराच्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं आणि मुख्याध्यापकाचं कामही केलं होतं. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला त्यांना मुलगा झाला. हे चौदावं अपत्य. या चौदापैकी जगली पाच. बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सगळ्यात धाकटा भिवा. म्हणजे ज्या घरातून एक बाबासाहेब निघाले, त्याच घरातली नऊ लेकरं गेली होती. गरिबीचं कौतुक करताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यातच आई भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. घर सांभाळायला आली रामजींची बहीण, मीराबाई. पाठीला कुबड असलेली ही आत्या भिवावर जीव टाकायची. त्याचे हट्ट पुरवायची, त्याच्या खोड्या पोटात घालायची. आईविना राहिलेल्या या पोराला हक्काने बिलगायला एक माणूस होतं, ते हे.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचं नाव घातलं गेलं. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलं जातं आणि २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचं. ते गोणपाट शाळेच्या शिपायानेही उचलायचं नाही, म्हणून रोज घरी आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने वरून पाणी ओतलं तर प्यायचं. शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. न्हावी केस कापायचा नाही, म्हणून बहीणच घरी केस कापायची.

पोरांना अशा गोष्टींची सवय होते, आणि या सगळ्यात भयंकर तेच आहे. भिवालाही झाली होती. वर्गात आपण वेगळे बसतो हे त्याला माहीत होतं, जग असंच असतं असं त्याने धरून चाललेलं. ते धरून चालणं मोडलं १९०१ च्या एका प्रवासात.

रामजी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात रोखपाल म्हणून काम करत होते. दुष्काळी माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव बांधत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावून घेतलं. भिवा, त्याचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुलं, अशी चौघं पहिल्यांदाच आगगाडीने निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. संध्याकाळी मसूर स्टेशनवर उतरली, पण न्यायला कुणीच आलेलं नव्हतं. रामजींना पाठवलेलं पत्र त्यांच्या नोकराने दिलंच नव्हतं.

स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. कपड्यांवरून त्यांना ही ब्राह्मणांची पोरं वाटली असावीत. भिवाने सरळ सांगून टाकलं की आम्ही महार आहोत. मास्तरांचा चेहरा पडला आणि ते पाय मागे घेत निघून गेले. स्टेशनबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, भाडं द्यायला पोरं तयार होती, पण एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी तोडगा निघाला तो असा, की भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार.

अंधार पडला. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी नाही. गाडीवानाने एका डबक्याकडे बोट दाखवलं. चिखल आणि गुरांच्या शेणामुताने भरलेलं ते पाणी तोंडाजवळही नेता येईना. पाण्याशिवाय घास उतरेना आणि डबा तसाच बंद झाला. मध्यरात्री टोलनाक्यावर पोचल्यावर गाडीवानानेच युक्ती शिकवली, की मुसलमान आहोत म्हणून सांगा, पाणी मिळेल. भिवाने नाकेदाराशी उर्दूत बोलून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. अंगावर सोन्याचे दागिने होते, म्हणून दोघांनी झोपायचं आणि दोघांनी जागायचं, असं करत चौघांनी ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला ती वडिलांकडे पोचली.

नऊ वर्षांचं पोर, आणि हा त्याचा सुट्टीतला पहिला प्रवास. पुढे जगभर फिरून आल्यावर, तीस-पस्तीस वर्षांनी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या आत्मकथनपर लेखनात हीच गोष्ट सगळ्यात आधी मांडली. तिचा कायमचा ठसा मनावर उमटल्याचंही त्यांनी त्यात नोंदवलंय. तहान भागली नाही ही आठवण त्यांच्या मनातून गेली नाही. महाडच्या चवदार तळ्याकडे बघताना ही रात्रही बघायला हवी.

आता दुसरा किस्सा, जो भाषणांत फारसा येत नाही. कारण यात भावी महापुरुष चोरी करतो.

रामजींनी दुसरं लग्न केलं होतं. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने बघून भिवा आतून पेटायचा. वडिलांवर अवलंबून राहायचंच नाही, मुंबईला जायचं आणि गिरणीत काम करून पोट भरायचं, असं त्याने ठरवलं. गाडीभाड्याला पैसे कुठून आणायचे? आत्या कमरेला पैशांची पिशवी खोचून झोपायची. सलग तीन रात्री त्याने ती काढायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. उघडून बघितली तर आत अर्धा आणा.

अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? आपल्यावर सगळ्यात जास्त माया करणाऱ्या बाईची पिशवी आपण चाचपली आणि तिच्याकडे होतं एवढंच, या विचाराने पोरगं स्वतःच ओशाळलं. वडिलांच्या आधाराशिवाय जगायचं असेल तर लवकर शिकून परीक्षा पास होणं हा एकच रस्ता आहे, असं त्याने मनाशी धरलं. बाबासाहेबांनी मोठेपणी हे स्वतःच सांगून ठेवलंय. त्यानंतर अभ्यासात इतका फरक पडला, की आधी तक्रारी करणारे शिक्षक रामजींना भेटून सांगायला लागले, याला शक्य तेवढं शिकवा.

रामजींना ते सांगायची गरजच नव्हती.

कबीरपंथी घर. पहाटे उठून भजनं, दोहे, अभंग व्हायचेच. रामजी स्वतः मुलांना गणित आणि भाषांतर शिकवायचे, तर्खडकरांची भाषांतरमाला पाठ करून घ्यायचे. १९०४ च्या आसपास कुटुंब मुंबईत आलं, परळच्या डबक चाळीत. राहायला एक खोली. त्यातच चूल, सरपण, भांडी, धूर. झोपताना मुलाच्या डोक्याशी जातं आणि पायाशी बांधलेली शेळी. दिवसा तिथे अभ्यास होणं शक्यच नव्हतं, म्हणून रामजींनी एक वेळापत्रक ठरवलं. मुलाला लवकर झोपवायचं आणि आपण जागं राहायचं. रात्री दोनला त्याला उठवायचं, दिवा त्याच्या हवाली करायचा आणि मग त्याच जागेवर आपण आडवं व्हायचं. निवृत्त सुभेदार रोज अर्धी रात्र जागून काढत होता, ती पोराला अंथरूण आणि शांतता मिळावी म्हणून.

पुस्तकांचं तर विचारूच नका. भीमरावांना अवांतर वाचनाचं वेड लागलेलं आणि रामजींच्या खिशात पैसे नसायचे. मग ते लग्न झालेल्या धाकट्या मुलीकडे जायचे. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसली की तिचा एखादा दागिना गहाण पडायचा आणि घरी पुस्तक यायचं. पेन्शन आली की दागिना सोडवायचा. पुढच्या पुस्तकाला तो पुन्हा गहाण. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाबद्दल खूप लिहिलं जातं. त्याची पहिली किंमत या दोन बहिणींच्या दागिन्यांनी मोजली आहे.

मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल मिळालं, तरी जात तिथेही पोचलीच. एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं आणि वर्गातली पोरं धावत सुटली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते, ते बाटतील म्हणून. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती मिळाली नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्केवारीच्या हिशेबात हा आकडा कुणाच्या नजरेत भरणार नाही, पण त्या वस्तीत ही एवढी मोठी गोष्ट होती की सत्काराची सभा झाली. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र या मुलाच्या हातात ठेवलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, त्यातही केळुसकरांचा वाटा होता.

फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील अत्यवस्थ असल्याची तार भीमरावांना बडोद्यात मिळाली. ते निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. मुंबईत पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजी मुलाची वाट बघत होते. मुलाच्या पाठीवरून त्यांचा हात फिरला आणि २ फेब्रुवारीला त्यांनी प्राण सोडला. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते बघायला रामजी नव्हते.

इथे जरा भारताबाहेर जाऊन येऊ. भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली त्याच्या पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास सुरू झाला. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचा पुढची कित्येक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे त्रास झाला. पण साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्ती आणि मायाळू माणसं झाली. या मुलांमध्ये काय वेगळं होतं? त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस असं होतं जे त्यांना धरून राहिलं. आई-बाप नसतील तर आजी, मावशी, शिक्षक. शिवाय त्यांना स्वतःच्या हातून काहीतरी जमतंय असा अनुभव मिळाला होता आणि घराबाहेर आधाराला कुणी ना कुणी होतं. परळच्या खोलीत हे सगळं होतं. मीराबाई, रामजी, दोन बहिणी आणि बाहेर केळुसकर. आणि उरलेल्या दोन तृतीयांश मुलांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अडचणी त्यांच्याही वाट्याला आल्या होत्याच.

बाबासाहेबांच्या पुढच्या आयुष्यातले धक्के यादीत मावणार नाहीत. १९१७ मध्ये परदेशातून परतताना पुस्तकांचं सामान घेऊन येणारं जहाज महायुद्धात बुडालं. बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला जागा मिळेना, पारशी खानावळीत नाव बदलून राहिले तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. कोलंबियात शिकून आलेला हा माणूस त्या दिवशी बागेतल्या झाडाखाली रडत बसला होता. हेही त्यांनीच लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही.

घरात तर त्याहून वाईट. रमाबाई आणि बाबासाहेबांना पाच मुलं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. सगळ्यात लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला, तेव्हा बाबासाहेब इतके खचले की मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आयुष्यातली गोडीच संपल्याचं लिहिलं. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये ते महाडच्या तळ्यावर होते. दुःख पचवलं म्हणून ते महाडला गेले की महाडला गेले म्हणून दुःख सोसता आलं, हे कोण ठरवणार? पण कणखर माणूस रडत नाही, हा समज त्यांच्या आयुष्याला लावता येत नाही.

आता मुद्दा येतो त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी काय केलं याचा. मी गोणपाटावर बसून शिकलो, तुम्हीही शिका, असं ते म्हणाले असते तर कुणी त्यांना अडवलं नसतं. त्यांनी उलटं केलं. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होतं सोलापूरचं वसतिगृह, जानेवारी १९२५ मध्ये सुरू झालेलं. म्हणजे मुलांना झोपायला जागा, दिवा आणि जेवण. रामजींनी अर्धी रात्र जागून जे एका मुलासाठी केलं, ते संस्थेने अनेकांसाठी करायचं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून पैसे मिळवायला त्यांनी जोर लावला आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. भंडारा-गोंदियातल्या कॉलेजांमध्ये आज मुलं ज्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतात, तिचं मूळ तिथे आहे. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांसाठी.

आणि मग भंडारा.

तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला १९९९ मध्ये. वैनगंगेच्या काठचा धानाचा मुलूख, तलावांचा जिल्हा. मतदारसंघ द्विसदस्यीय होता, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर. प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते, राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाबासाहेब.

एप्रिलच्या उन्हात, दुखऱ्या पायांनी त्यांनी प्रचार केला. भाषणांत नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली, जी त्या काळात मतं मिळवून देणारी गोष्ट अजिबात नव्हती. या निवडणुकीबद्दल विदर्भातली जुनी माणसं एक गोष्ट सांगत आलीत. कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की आपल्या मतदारांना सांगा, एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरं कुजवा, म्हणजे कुणालाच देऊ नका, समोरच्यांची मतं वाढणार नाहीत. बाबासाहेबांनी ते ऐकलं नाही. मताचा अधिकार ज्याने घटनेत लिहिला तोच मत वाया घालवायला कसा सांगेल, असं त्यांचं म्हणणं होतं, असं सांगतात. निकालात अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले.

लोकसभेत ते कधीच गेले नाहीत. राज्यसभेचं सदस्यत्व होतं, तिथे बोलत राहिले. शरीर साथ देत नव्हतं तरी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचं काम चालू ठेवलं. मॅट्रिकच्या सत्कारात केळुसकरांनी हातात दिलेल्या पुस्तकापासून सुरू झालेला विषय पन्नास वर्षांनी त्यांच्या टेबलावर होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो माणसांना दिली. विदर्भातून माणसं रेल्वेने आली, बैलगाड्यांनी आली, पांढरी वस्त्रं आणि भाकरीचं गाठोडं घेऊन लेकराबाळांसकट पायीही आली. दोन वर्षांपूर्वी जिथे ते हरले होते, ते भंडारा तिथून जेमतेम साठ किलोमीटर.